रणगरुडांची लूट

चिनूच्या बोरन्हाणाला मी त्याला मांडीत घेऊन पाटावर बसले होते. एकटा बसवला की तो लगेच भोकाड पसरायचा, म्हणून आईनं मला त्याच्या मागे बसवलं होतं आणि काही झालं तरी त्याच्या कमरेचे हात सोडायचे नाहीत अशी तंबी दिली होती. चिनूच्या अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट. तो हारातला एकेक दाणा उपटून तोंडात घालत होता आणि थुंकत होता. आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतली झाडून सगळी पोरं भोवती गुडघ्यांवर उभी होती, लुटायला टपलेली. शिरीष आवटीनं तर शर्टाची झोळी करून ती दोन्ही हातांनी पसरून धरली होती. ओवाळून झालं आणि पुण्याहून खास या समारंभासाठी आलेल्या कुंदाआत्यानं परातीतलं माप भरून चिनूच्या डोक्यावर ओतायला सुरुवात केली.

आधी बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, बत्तासे. मग खोडरबरं, लिमलेटच्या गोळ्या, पेन्सिलींचे तुकडे. ही आत्याची हौस. पुण्यात आता नुसती बोरं कुणी उधळत नाही, असं ती सकाळपासून आईला ऐकवत होती. पुढच्या मापाबरोबर माझ्या कपाळावर काहीतरी मऊ आपटलं आणि चिनूच्या पुढ्यात पडलं. निळा, बोटभर उंचीचा, पंख पसरलेला रणगरुड.

मला आधी वाटलं, आत्यानं पुण्याहून आणला असेल. मग तांबडा पडला. मग पिवळा. मग हिरवा, ज्याचा डावा पंख माझ्या मित्राच्या, दिग्याच्या कुत्र्यानं चावून अर्धा केला होता. तो जगात एकच होता.

मी थांबा थांबा म्हणून ओरडले, पण त्या गलक्यात माझं कोण ऐकतंय. उलट आवटी काकू हसून म्हणाल्या की बाळापेक्षा ताईलाच जास्त हुरूप आलाय. चिनूला सोडून उठले असते तर तो पाटावरून पालथा पडला असता. त्यामुळे मी तशीच बसून राहिले आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच डोक्यावरून, आमचे सगळे रणगरुड लुटले गेले. एक मी गुडघ्याखाली दाबला, एक चिनूच्या मुठीत आला. बाकीचे गेले.

रणगरुड म्हणजे काय, हे आता लोकांना सांगावं लागतं. तेव्हा एका शक्तिवर्धक पावडरीच्या बरणीत तो यायचा. माणसाचं अंग, गरुडाचं डोकं, पाठीला पंख, छातीवर ढाल. टीव्हीवरच्या जाहिरातीत तो फुटायला आलेलं धरण पाठीनं तोलून धरायचा. पावडर चवीला विटेच्या भुकटीसारखी होती. पण एक बरणी संपल्याशिवाय दुसरी आणायची नाही असा आईचा कायदा, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ नाक दाबून ती प्यायचे, आणि आई शेजारणींना कौतुकानं सांगायची की आमच्या अस्मिताला दुधाची भारी आवड. प्रत्येक रणगरुडाच्या पायाला एक चिठ्ठी गुंडाळलेली असायची. रणगरुड दिलेला शब्द मोडत नाही. रणगरुड आपल्यापेक्षा लहानावर हात उगारत नाही. रणगरुड दुबळ्याच्या मदतीला धावतो. मी आणि दिग्या या चिठ्ठ्या पाठ म्हणायचो, आणि खरं सांगते, पाळायचोही. शाळेतल्या प्रतिज्ञेपेक्षा आमचा त्यांच्यावर जास्त विश्वास होता.

हल्ली कॉलनीतल्या जुन्या पोरांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे. त्यावर शिरीष आवटी अधूनमधून कुठून तरी रणगरुडाचा फोटो मिळवून टाकतो आणि खाली लिहितो, 'आपल्यावर खरे संस्कार यांनी केले. आजच्या पोरांना काय कळणार.' मग सगळे धडाधड हात जोडतात. मला तो फोन भिंतीवर फेकून मारावासा वाटतो.

दिग्या म्हणजे दिग्विजय. मिलमधल्या फिटरचा, बाबूकाकांचा मुलगा, माझ्याच वर्गातला. बारा प्रकारचे रणगरुड निघाले होते आणि ते एकट्याच्या घरच्या दुधानं जमणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही भागी केली होती. त्याचे सहा, माझे सहा. मिळून संच पुरा. त्या वर्षी गळीत हंगाम सुरू झाला, गळिताला मोळ्या टाकायच्या गव्हाणीपाशी उसाच्या गाड्यांची रांग लागली, आणि चालत्या गाडीतून ऊस ओढता ओढता दिग्याचा पाय चाकाखाली गेला. जखम काही भरेना. शेवटी त्याला मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. कारखान्याची जीप दारात उभी होती आणि तो मागच्या सीटवर आडवा, चादर गळ्यापर्यंत ओढलेली. मला बघून त्यानं चादरीतून एक डबा बाहेर काढला.

"अस्मे, ह्ये तुझ्याकडं ठेव. माझं आन् तुझं एका जाग्याला असूंदेत. हितं राहिलं तर कोण पण उचलंल."

"तू येईपर्यंत एक पण हलायचा नाही," मी म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

त्याचं तोंड घामानं डबडबलं होतं आणि तरी तो हसला. मी सगळे रणगरुड पावडरीच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवले. बोरन्हाणाच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, पाहुणे यायचेत, तुझा पसारा बाहेरून उचल. म्हणून मी बरणी आतल्या खोलीत नेऊन ठेवली, बोरांच्या टोपलीशेजारी. कुंदाआत्यानं तिथलं सगळंच परातीत ओतलं.

बायका गेल्यावर मी आत्याला धरलं. ती बिचारी गोरीमोरी झाली. तिला वाटलं होतं, बाबांनीच लुटीसाठी आणलेत. मी आईला म्हटलं की आत्ताच्या आत्ता घरोघर जाऊन परत आणू या.

"काहीतरीच काय," आई म्हणाली. "बोरन्हाणातलं परत मागायचं नसतं. बाळाला लागतं."

"काय लागतं?"

"लागतं म्हणजे लागतं. एकदा डोक्यावरून उतरलं की ज्यानं लुटलं त्याचं. पहिलं बोरन्हाण आहे त्याचं, उगाच अपशकुन करू नकोस."

मी सांगितलं की त्यातले सहा दिग्याचे आहेत, तो मिरजेला पडलाय, मी शब्द दिलाय. आई म्हणाली, दिग्या समजूतदार आहे, त्याला सांग काय झालं ते. तेवढ्यात चिनू शिंकला. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याच्या नाकात काडी घातली. बाबांना विचारावं तर ते लॅबमध्ये केमिस्ट, हंगामात घरी येऊन जेवले तरी डोळे मिटलेलेच असायचे. ते म्हणाले, सीझन संपू दे, मग बघू. बाबांच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट सीझन संपल्यावर बघायची असायची.

माझ्याजवळ उरलेले दोन मी उशाशी घेऊन झोपले. दोन्ही माझेच होते. दिग्याचा एकही नव्हता. निदान उलटं तरी व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाआत्या घरभर काहीतरी शोधत फिरायला लागली. तिची अंगठी सापडत नव्हती. परात हातानं कालवताना ती बोटातून निसटली असणार, असा दोघींचा अंदाज निघाला. मग काय, आईनं चुलीवरचा भात उतरवला, पदर खोचला आणि दोघी निघाल्या. मी पण मागोमाग निघाले. मला वाटलं, आता दारोदार जायचंच आहे तर माझंही काम होईल.

आवटी काकूंनी शिरीषला बोलावलं. त्यानं त्याची सगळी लूट जमिनीवर ओतली. बोरं, खोडरबरं, गोळ्या आणि आमचे चार रणगरुड. दोन दिग्याचे, दोन माझे. आईनं ते सगळं बोटांनी उलटंपालटं केलं, एकेक रणगरुड उचलून त्याच्या खाली अंगठी आहे का ते बघितलं आणि परत जागच्या जागी ठेवला.

"हे माझे आहेत," मी म्हणाले.

आईनं काकूंकडे बघून हसत हसत माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. शिरीषनं रणगरुड गोळा करून खिशात घातले.

अंगठी मिळाली खोतांकडे. खोतांची छकुली चार वर्षांची. तिनं लुटीतला हिरवा रणगरुड, दिग्याचा अर्ध्या पंखाचा, पाटावर बसवला होता, त्याच्यासमोर एक बोर ठेवलं होतं आणि अंगठी त्याच्या गळ्यात घातली होती. आत्याचा जीव भांड्यात पडला. आईनं रणगरुड उचलला, त्याच्या मानेतून अंगठी काढली, पुसून आत्याच्या बोटात घातली आणि रणगरुड पुन्हा छकुलीच्या हातात दिला. वर तिच्या गालावरून हात फिरवला.

"घे हं बाळ, हा तुझा."

मी रस्त्यावर येईपर्यंत कशीबशी गप्प बसले. मग विचारलं, "अंगठी परत मागितली. मग आता चिनूला नाही का लागणार?"

"सोनं वेगळं," आई म्हणाली.

आत्या हसली. ती वाईट नव्हती, पण हसली. आणि माझ्या डोक्यात तेव्हा जी तिडीक गेली ती अजून पुरती उतरलेली नाही. नियम असेल तर असू द्या, मी मानला असता. पण नियम फक्त माझ्याच वाट्याला का?

मग मी माझ्या परीनं मागे लागले. लहान पोरांवर हात उगारायची सोय नव्हती, कारण तशी चिठ्ठीच होती. मी छकुलीला माझी कचकड्याची बाहुली देऊ केली. तिनं बाहुली घेतली आणि रणगरुडही ठेवून घेतला. शिरीष माझ्यापेक्षा मोठा होता. त्याला मी शाळेच्या नळापाशी गाठलं आणि सगळं समजावून सांगितलं, दिग्याचा पाय, माझा शब्द, सगळं.

"लुटलेत मी. चोरले नाहीत," तो म्हणाला.

हे त्याचं खरं होतं, त्याचाच मला जास्त संताप आला. मी त्याच्या खिशाला हात घातला, त्यानं माझी वेणी ओढली, खिसा फाटून माझ्या हातात आला आणि रणगरुड त्याच्याच मुठीत राहिले. संध्याकाळी आवटी काकू फाटका शर्ट घेऊन आमच्या दारात. मला सगळ्यांसमोर शिरीषची माफी मागावी लागली. तो मागे उभा राहून उसाचं कांडं चघळत होता.

दुकानात जाऊन पाहिलं. म्हटलं, नव्या बरण्या आणू, पिऊ, वाट्टेल तितकी विटेची भुकटी पिऊ. दुकानदार म्हणाला, ती स्कीम बंद झाली, आता बरणीबरोबर चमचा येतो. चमचा! माझी रंगपेटी, एक मोरपीस आणि गोट्या देऊन मी इकडून तिकडून दोन सोडवले. त्यातला एक दिग्याचा निघाला. रोज शाळेतून येताना त्याच्या बंद दाराला कुलूप दिसलं की मला हायसं वाटायचं. आणि आपल्याला हायसं वाटतंय याचीच लाज वाटायची.

रथसप्तमी उलटली आणि एका दुपारी त्या दाराचं कुलूप निघालेलं दिसलं.

मी दुसऱ्या दिवशी गेले. दिग्याची आई धुणं घेऊन नळावर गेली होती. तो व्हरांड्यात खाटेवर बसला होता, पायांवर चादर, भिंतीला दोन कुबड्या टेकवलेल्या. वाळला होता आणि उंच दिसत होता. मी काही प्रस्तावना केली नाही. बरणी त्याच्यापुढे ठेवली, त्यात कितीसे उरलेत ते दाखवलं आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. सांगताना मला इतका राग येत होता की शेवटी मी त्याच्याशीच भांडल्यासारखी बोलत होते. त्यानं ऐकून घेतलं. आत्यानं माझ्या डोक्यावर ओतले तिथं तर तो चक्क हसला.

"मग मागूया की," तो म्हणाला.

"देत नाहीत. बोरन्हाणातलं परत मागायचं नसतं."

"तुला नसतंय. मी कुठं हुतो बोरन्हाणाला?"

हे मला सुचलंच नव्हतं. त्यानं कुबड्या मागितल्या. मी दिल्या. उठताना तो दोनदा मागे बसला, मग उभा राहिला. घरी आल्यापासून तो पहिल्यांदाच बाहेर पडत होता, हे मला त्याच्या चालण्यावरून कळायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष शिरीषच्या घराकडे लागलं होतं.

दार आवटी काकूंनीच उघडलं. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि मग माझ्या मागे त्यांची नजर गेली. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या.

दिग्यानं काय बोलायचं ते ठरवून आणलं होतं. वाटेत तो ते पुटपुटत होता, काकू, मी हितं नव्हतो, माझी वस्तू हाय. त्याला तोंड उघडायची गरजच पडली नाही. मी शिरीषकडे रणगरुड आहेत असं म्हणायचा अवकाश, काकूंनी स्वतः त्याचं कपाट उघडलं आणि चारही आणून दिग्याच्या शर्टाच्या खिशात घातले. वर शिरीषचा नवा चेंडू घातला. शिरीष काहीतरी म्हणायला गेला तर त्याच्या पाठीत धपाटा बसला. मग त्यांनी तिळाचा लाडू आणला. दिग्याचे दोन्ही हात कुबड्यांवर, म्हणून त्यांनी तो त्याच्या तोंडातच भरवला, तान्ह्या बाळाला भरवतात तसा, आणि पदरानं डोळे टिपले. तो लाडू चावत, खाली बघत उभा राहिला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बघितलंस? मला हाकललं होतं. चिमटा खाल्ला मी, माफी मागितली. आणि तुला न मागता."

लाडू अजून त्याच्या तोंडात होता.

खोतांकडेही तेच. छकुली हिरवा रणगरुड छातीशी धरून बसली होती. खोत काकूंनी तिची बोटं एकेक करून उलगडली. पोरगी टाहो फोडून रडायला लागली.

"ऱ्हाऊंदे काकू तिला," दिग्या म्हणाला. "म्होरं देईल."

"गप रे बाळा. तुझ्यापुढं तिचं काय," त्या म्हणाल्या आणि रणगरुड त्याच्या खिशात कोंबला.

तोवर आमची बातमी आमच्या पुढे पोचली होती. पुढच्या गल्लीत दोघी बायका फाटकाशी येऊन थांबल्याच होत्या, हातात पोरांकडून काढून घेतलेले रणगरुड. बाळाला लागतं, अपशकुन होतो, यातलं एक अक्षर कुणाच्या तोंडून निघालं नाही. त्यातली एक, त्याचा खिसा भरता भरता, त्याच्या डोक्यावरून दुसरीला म्हणाली, "काय नशीब बघा. नाव दिग्विजय, आणि पोराचं असं."

दिग्या तिच्या पुढ्यात उभा होता. तिला वाटलं असावं की पायाला लागलं म्हणजे कानालाही ऐकू येत नाही.

मी ते ऐकलं. ऐकून मला त्या बाईचा राग आला, पण तो माझ्या आधीच्या रागात मिसळून गेला. सोन्याला एक नियम, दिग्याला एक नियम आणि मला एक नियम, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं. आणि दुसरीकडे, खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला होता. संच पुरा होत आला होता. मी शब्द पाळला होता, भले त्याच्याच पायांनी.

पाण्याच्या टाकीजवळ कट्टा होता. तिथं तो बसला. मी त्याचे खिसे रिकामे केले, माझ्याजवळची बरणी ओतली आणि सगळे रणगरुड कट्ट्यावर रांगेत मांडले. सगळे होते. एकही कमी नव्हता.

"पुरे झाले," मी म्हणाले. "बघ तरी."

त्यानं तिकडे पाहिलं नाही. तो समोरच्या धुराड्याकडे बघत होता.

"अस्मे, लई वाईट दिसतंय का गं?"

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल विचारतोय. मग मी पहिल्यांदा त्याच्या पायाकडे पाहिलं. इतका वेळ त्याच्याबरोबर चालत होते आणि पाहिलं नव्हतं. पायमोजा अर्ध्यापर्यंतच भरलेला होता, पुढचा रिकामा भाग दुमडून टाचणीनं अडकवला होता. पाऊल म्हणून जे होतं ते टाच आणि एक गोळा.

"हो," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, लाडवाचे तीळ अजून ओठाला होते.

"ह्ये सगळं तूच ठेव," तो म्हणाला. "मला नगं."

"अरे पण संच..."

"नगं म्हटलं न्हवं." मग कुबड्या जवळ ओढत म्हणाला, "सोमवारपासनं साळंला येणार हाय मी. माझं दप्तर घ्यायचं न्हाई."

"का? मी घेईन की. जड असतं."

"न्हाई घ्यायचं. आन् दुसरं कोण घ्यायला आलं तर घेऊ द्यायचं न्हाई. तू बघायचंस त्ये."

"पडशील."

"पडलो तर पडलो. कुणी हात लावायचा न्हाई."

मी बरं म्हटलं.

सोमवारी आम्ही निघालो. शाळेचा रस्ता अख्ख्या कॉलनीतून जायचा. दिग्यानं दप्तराचा बंद गळ्यात अडकवला होता. दर पावलाला दप्तर पोटाशी झुलायचं आणि कुबडीला आदळायचं. चार पावलं गेला की तो थांबायचा, खांद्यानं बंद सारखा करायचा आणि पुन्हा निघायचा. मी माझं दप्तर पाठीला लावून मोकळ्या हातांनी शेजारून चालत होते. दारादारात बायका उभ्या होत्या.

"अगं अस्मिता, धर की त्याचं दप्तर," आवटी काकू ओरडून म्हणाल्या. मी तशीच चालत राहिले. "दगड आहेस की काय गं?"

त्यांनी शिरीषला पिटाळलं. तो पळत आला, त्याला मी कोपरानं बाजूला ढकललं. कुणीतरी म्हणालं, केमिस्ट साहेबांची पोरगी फार शिष्ट. दिग्याच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तो पुढेच बघत होता.

आमच्या घरासमोर रस्त्याला चढ आहे. तिथं त्याची एक कुबडी खडीवरून सरकली आणि तो आडवा पडला. दप्तर उलटं झालं, वह्या, पट्टी, डबा सगळं रस्त्यावर. चिनूला कडेवर घेऊन आई फाटकातच उभी होती. ती धावली, शेजारच्या दोघी धावल्या. मी मध्ये जाऊन हात आडवे पसरून उभी राहिले.

"हात लावू नका," मी म्हणाले.

"अस्मिता, बाजूला हो."

"नाही."

"अगं, पोर पडलंय. लाज कशी वाटत नाही तुला?" आई म्हणाली. मी हललेच नाही, तेव्हा तिनं सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली.

मी हात खाली घेतले नाहीत. काय सांगणार होते मी तिला? सांगितलं असतं तर त्याला अजून चार लाडू मिळाले असते. माझ्या पाठीमागे दिग्या सरपटत एकेक वही गोळा करत होता, ते मला ऐकू येत होतं. डब्याचं झाकण बसवल्याचा आवाज झाला. मग कुबड्या खडीवर टेकल्याचा. मग पुन्हा घसरल्याचा, आणि पुन्हा टेकल्याचा. बायका माझ्या खांद्यावरून बघत होत्या, एकजण रडत होती. मी वळून पाहिलं नाही.

"चल," तो मागून म्हणाला.

मी वळले. तो उभा होता.